दोन आजार, एक रुग्ण आणि पडद्यावरचे प्रशिक्षण

(व्याख्यानाचे संपादित रूप)

सन्माननीय अध्यक्ष, मान्यवर आणि आरोग्यसेवेतील सहकाऱ्यांनो,

प्रशिक्षण ऑनलाइन असावे की समोरासमोर, या वादात आपला बराच वेळ जातो. क्षयरोग आणि एचआयव्ही यांवर एकाच वेळी उपचार करणाऱ्यांच्या बाबतीत मला त्याआधीचा एक प्रश्न महत्त्वाचा वाटतो, आणि तो म्हणजे त्या प्रशिक्षणाला कोण कोण एकत्र बसले आहे. क्षयरोगाच्या कर्मचाऱ्याला क्षयाचा आणि एआरटी (एचआयव्हीवरचा औषधोपचार) केंद्रावरच्या कर्मचाऱ्याला एचआयव्हीचा अभ्यासक्रम वेगवेगळा दिला, दोघांनीही तो उत्तम गुणांनी पूर्ण केला, तरी ज्याला दोन्ही आजार आहेत त्या रुग्णाचे नुकसान होऊ शकते. ते कसे, हे आधी पाहू; पडद्याचा विचार त्यानंतर.

क्षयाचे जंतू शरीरात शिरले म्हणून प्रत्येकाला आजार होत नाही. प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या माणसाला जंतूंचा संसर्ग झाला, तर आयुष्यभरात आजार उद्भवण्याची शक्यता ढोबळमानाने पाच ते दहा टक्के सांगितली जाते. एचआयव्हीवर उपचार सुरू नसतील तर जवळपास तेवढाच धोका दर वर्षी असतो. शिवाय या रुग्णांमध्ये आजाराचे रूपच बदलते. फुप्फुसात पोकळ्या पडतात त्या मुळात प्रतिकारशक्तीच्या प्रतिक्रियेमुळे. ती प्रतिक्रियाच क्षीण झाली की पोकळी पडत नाही, थुंकीत जंतू कमी उतरतात, सूक्ष्मदर्शकाखाली नमुना निर्दोष दिसतो आणि कधी कधी छातीची क्ष-किरण प्रतिमाही स्वच्छ येते. म्हणून या रुग्णांसाठी थेट सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यांसारखी जनुकीय तपासणी करायची आणि एआरटी केंद्राच्या प्रत्येक भेटीत चार गोष्टी विचारायच्या, असा नियम आहे: खोकला, ताप, वजनातली घट आणि रात्रीचा घाम.

आता यातली गोम पाहा. क्षयरोग कार्यक्रमात वर्षानुवर्षे काम केलेल्या आरोग्य सेवकाच्या मनावर 'दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला' हा निकष पक्का कोरलेला असतो. सर्वसाधारण लोकसंख्येसाठी तो बरोबरच आहे. मात्र एचआयव्ही असलेल्या व्यक्तीला कालपासून खोकला असेल तरी तपासणी करायची असते. म्हणजे इथे चूक अज्ञानातून होत नाही, एका कार्यक्रमात नीट शिकलेली गोष्ट दुसऱ्या कार्यक्रमाच्या रुग्णाला लावल्यामुळे होते. अशी चूक वेगवेगळ्या वर्गांत शिकवून सुटत नाही, उलट अधिक घट्ट होते.

औषधांच्या बाबतीत हे आणखी ठळकपणे दिसते. रिफाम्पिसिन हा क्षयोपचाराचा कणा आहे. परंतु तेच औषध यकृतातील विकरांना (एन्झाइम्सना) इतके चेतवते की इतर अनेक औषधे शरीरातून भराभर बाहेर टाकली जातात. आज आपल्याकडे एचआयव्हीच्या बहुसंख्य रुग्णांना टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्राविर एकत्र असलेली टीएलडी ही गोळी दिली जाते. रिफाम्पिसिन सुरू झाले की डोलुटेग्राविरची रक्तातली पातळी घसरते, म्हणून ५० मिलिग्रॅमची आणखी एक सुटी गोळी बारा तासांच्या अंतराने द्यावी लागते. रुग्ण टीएलडी रात्री घेत असेल तर ही सुटी गोळी सकाळी. वाचायला हे अगदी सोपे आहे. प्रत्यक्षात काय होते? समजा, एखाद्या महिलेला मानेला गाठ आली, तिने खासगी शल्यचिकित्सकाला दाखवले, गाठीतला नमुना तपासून क्षयाचे निदान झाले आणि औषधे सुरू झाली. तिने एचआयव्हीबद्दल तिथे सांगितले नाही, आणि का सांगितले नसेल हे आपल्यापैकी कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. एआरटी केंद्रावर तिची पुढची तारीख काही आठवड्यांनंतरची आहे. सुटी गोळी एआरटी केंद्राच्या कपाटात आणि क्षयाच्या गोळ्या तिच्या पर्समध्ये. मधल्या काळात एचआयव्हीचे औषध अपुरे पडत राहते आणि त्याची जाणीव ना तिला होते ना आपल्याला.

एआरटी केंद्रावरच दोन्ही आजारांची औषधे एका खिडकीतून देण्याची व्यवस्था आपण केली, ती योग्यच होती. गोळ्यांच्या पाकिटाला आवरण चिकटवून, गोळी काढल्यावर दिसणाऱ्या क्रमांकावर रुग्णाने मोफत मिस्ड कॉल द्यायचा, ही '९९डॉट्स'ची युक्तीही याच रुग्णांसाठी वापरली गेली. तरीही त्या खिडकीपर्यंत रुग्ण पोहोचण्याआधीचा रस्ता अनेक हातांतून जातो: आशा, समुदाय आरोग्य अधिकारी, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, क्षयरोगाचा वरिष्ठ उपचार पर्यवेक्षक, आयसीटीसीचा (एचआयव्ही समुपदेशन व चाचणी केंद्राचा) समुपदेशक, एआरटी केंद्राची परिचारिका आणि औषधनिर्माता. यांतले कितीजण एकमेकांना नावाने ओळखतात, हा प्रश्न प्रत्येक जिल्ह्याने स्वतःला विचारून पाहावा.

आता पडद्याकडे वळू. कोविडच्या काळात, २०२० पासून, आपल्याकडे ऑनलाइन प्रशिक्षणाचा पूर आला. त्याचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिला ध्वनिचित्रफितींचा: चित्रफीत पाहायची, शेवटी पर्यायी प्रश्नांची उत्तरे द्यायची आणि प्रमाणपत्र उतरवून घ्यायचे. तो स्वस्त आहे, हवा तेव्हा पाहता येतो, नव्याने रुजू झालेल्यांना मूलभूत माहिती देण्यासाठी उपयोगी आहे आणि मी त्याला नावे ठेवणार नाही. पण मोबाइल टेबलावर चालू ठेवून नोंदवह्या भरणारे कर्मचारी आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यात त्यांचा दोष कमी आणि 'शंभर टक्के पूर्णता' मागणाऱ्या तक्त्याचा जास्त.

दुसरा प्रकार प्रकरण-चर्चेचा. न्यू मेक्सिको विद्यापीठातले यकृतरोगतज्ज्ञ डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये 'प्रोजेक्ट एको' सुरू केला. हिपॅटायटिस सी झालेल्या रुग्णांना तज्ज्ञाकडे यायला फार लांबचा प्रवास आणि फार दीर्घ प्रतीक्षा करावी लागे. तेव्हा रुग्णाला आणण्याऐवजी गावातल्या डॉक्टरलाच दर आठवड्याला व्हिडिओवरून तज्ज्ञांच्या चमूशी जोडायचे आणि त्याच्याच रुग्णांवर चर्चा करायची, अशी ही कल्पना होती. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात विद्यापीठाच्या रुग्णालयात ५७.५ टक्के आणि अशा प्रशिक्षित ग्रामीण व तुरुंगातील केंद्रांवर ५८.२ टक्के रुग्णांवरचा उपचार यशस्वी ठरला होता. तो आजार वेगळा, तो देश वेगळा, हे मान्य. त्या आकड्यांवरून आपल्याकडच्या यशाचे गणित मांडू नये. पण त्या रचनेतली मुख्य गोष्ट, म्हणजे शिकणाऱ्याने स्वतःचा रुग्ण घेऊन यायचा, ही दोन आजारांच्या आपल्या कामाला जितकी चपखल बसते तितकी क्वचितच दुसरीकडे बसेल. भारतातही ही पद्धत एचआयव्ही आणि क्षय या दोन्ही क्षेत्रांत वापरली गेली आहे.

असे एक सत्र जवळून कसे असते ते सांगतो. दुपारचे तीन वाजलेले, बाह्यरुग्ण विभाग आटोपलेला. एका ग्रामीण रुग्णालयाचा वैद्यकीय अधिकारी प्रकरण मांडतो: पुरुष, वय चाळिशीच्या आत, वजन ४६ किलो, क्षयोपचाराचा दुसरा महिना, एआरटी सुरू करून तीन आठवडे झालेले, पहिल्यांदा बरे वाटू लागले होते, आता पुन्हा ताप आला आहे आणि मानेची गाठ मोठी झाली आहे. रुग्ण म्हणतो, नव्या गोळ्यांनीच हे झाले, त्या बंद करा. तज्ज्ञ लगेच उत्तर देत नाहीत. आधी ते इतरांना विचारतात. कोणी म्हणते, गोळ्या चुकल्या असतील. कोणी म्हणते, औषधाला न जुमानणारा क्षय असेल, जनुकीय तपासणीत रिफाम्पिसिनचा निकाल काय होता ते पाहा. एआरटी केंद्राची परिचारिका सांगते की असे रुग्ण तिने पाहिले आहेत. मग तज्ज्ञ समजावतात: एआरटीने प्रतिकारशक्ती जागी होते, ती शरीरात असलेल्या जंतूंवर तुटून पडते आणि आजार बळावल्याचा भास होतो. इतर कारणे वगळून या निष्कर्षापर्यंत यायचे, गरजेनुसार स्टेरॉइड द्यायचे, पण दोन्ही उपचार शक्यतो चालूच ठेवायचे. याच ओघात क्षयाची औषधे आधी आणि एआरटी त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, हा क्रम आणि मेंदूच्या आवरणाच्या क्षयात मात्र एआरटीसाठी किमान चार आठवडे थांबण्याचे कारणही चर्चेत येते. समुपदेशक विचारतो, रुग्णाला हे आधीच का सांगून ठेवू नये? माझ्या लेखी संपूर्ण सत्रातला हा सर्वांत मोलाचा प्रश्न असतो. तो चित्रफितीत कधीच विचारला जात नाही, कारण चित्रफितीत समुपदेशक आणि वैद्यकीय अधिकारी एका खोलीत नसतात.

अंतर मिटवण्यापलीकडे ऑनलाइन सत्राचा महाराष्ट्रात एक खास उपयोग आहे. दिवाळीच्या सुमारास बीडसारख्या जिल्ह्यांतून लाखो ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. उपचार सहा महिन्यांचा आणि हंगामही जवळपास तेवढाच. क्षयरुग्णांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी 'निक्षय' संकेतस्थळावर रुग्णाची बदली नोंदवता येते. परंतु नोंद पोहोचली म्हणजे माणूस पोहोचला, असे होत नाही. पाठवणाऱ्या तालुक्याचा पर्यवेक्षक आणि कारखान्याजवळच्या केंद्राची परिचारिका महिन्यातून एकदा एकाच पडद्यावर बसले, तर त्यांच्यात फोन करण्याइतकी ओळख तयार होते. प्रत्यक्षातल्या कार्यशाळा बहुधा जिल्हावार होतात, त्यामुळे ही दोन माणसे तिथे कधी भेटतच नाहीत.

पडद्यावरून न जमणाऱ्या गोष्टीही आहेत. कमरेतून पाणी काढणे, गाठीतून नमुना घेणे, ट्रूनॅटचे यंत्र चालवणे, हे हाताला हात लावूनच शिकावे लागते. संसर्ग-नियंत्रण मात्र अर्धे-अधिक पडद्यावरून शिकवता येते. एआरटी केंद्राच्या प्रतीक्षागृहात खोकणारा रुग्ण आणि ज्याच्या सीडी-४ पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, शंभरच्या खाली आहेत असा रुग्ण एकाच बाकावर बसतात. खोली रिकामी असताना खिडकीजवळ उदबत्ती पेटवून धूर कोणत्या दिशेने जातो ते मोबाइलवर दाखवायला सांगावे. धूर रुग्णाकडून कर्मचाऱ्याच्या खुर्चीकडे येताना एकदा दिसला की खुर्ची हलवण्यासाठी परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही.

गोपनीयतेबद्दल मी आग्रहाने बोलणार आहे. एचआयव्ही आणि एड्स कायदा २०१७ साली झाला आणि सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार व्यक्तीची एचआयव्हीस्थिती तिच्या संमतीशिवाय, कायद्याने मान्य केलेले अपवाद वगळता, उघड करता येत नाही. प्रकरण मांडताना नाव, गाव, निक्षय क्रमांक, एआरटी क्रमांक यांपैकी काहीही पडद्यावर येता कामा नये. क्ष-किरण प्रतिमेच्या कोपऱ्यात नाव छापलेले असते, ते झाकूनच छायाचित्र काढावे. आणि सत्र संपल्यावर तेच छायाचित्र व्हॉट्सॲप गटावर 'माहितीसाठी' टाकण्याची सवय तर मुळीच नको. लहान तालुक्यात वय, व्यवसाय आणि वाडीचे नाव एवढ्यावरून माणूस ओळखू येतो.

राहिला मोजमापाचा प्रश्न. किती जणांनी नोंदणी केली, कितींना प्रमाणपत्र मिळाले, हे आकडे वरिष्ठ कार्यालयाला पाठवायला सोयीचे आहेत, त्यामुळे ते जमत राहतील. त्यांच्या शेजारी आणखी काही रकाने असावेत: गेल्या महिन्यात एआरटी केंद्रावर आलेल्यांपैकी कितींना चारही प्रश्न विचारल्याची नोंद आहे, रिफाम्पिसिन आणि टीएलडी एकत्र घेणाऱ्या कितींना सुटी डोलुटेग्राविर मिळाली, नव्याने क्षय सापडलेल्या कितींची एचआयव्ही तपासणी झाली. ही माहिती नोंदवह्यांत बहुतेक ठिकाणी आधीपासून असते. ती प्रशिक्षणाच्या तक्त्याला जोडण्याचे कष्ट मात्र कोणी घेत नाही.

सत्रांचे वेळापत्रकही बदलावे, असा माझा प्रस्ताव आहे. सध्याचे अभ्यासक्रम काही तासांत किंवा काही आठवड्यांत आटोपतात. ज्या रुग्णाचे प्रकरण मांडले, त्याचा क्षयोपचार मात्र सहा महिने चालतो, आणि रिफाम्पिसिन थांबले तरी त्याचा यकृतावरचा परिणाम ओसरायला वेळ लागत असल्यामुळे सुटी डोलुटेग्राविर पुढे आणखी दोन आठवडे द्यायची असते. नेमके हेच दोन आठवडे निसटतात, कारण क्षयाच्या नोंदवहीत रुग्ण तोवर 'उपचार पूर्ण' झालेला असतो. म्हणून एकदा मांडलेले प्रकरण दुसऱ्या महिन्यात, सहाव्या महिन्यात आणि क्षयाची औषधे संपल्यानंतरच्या पंधरवड्यात त्याच गटासमोर पुन्हा मांडले जावे आणि प्रमाणपत्र त्या शेवटच्या मांडणीनंतरच द्यावे.