निळी रेषा, लाल रेषा आणि ३० दिवस

[दृश्य: राजाराम बंधारा, कोल्हापूर. पावसाळी सकाळ, पाण्यातली मोजपट्टी.]

पावसाळा लागला की कोल्हापुरात घरोघरी एकच चौकशी: "राजारामला किती फूट?" ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि परत २०२१च्या जुलैमध्ये पंचगंगा नदी या बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली. राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १,४२८ क्युसेक पाणी सुटतं, हेही लोकांना पाठ आहे. आपला प्लॉट पूररेषेच्या आत आहे की बाहेर, हे मात्र बऱ्याच जणांना घर बांधून झाल्यावर कळतं.

[दृश्य: नकाशा. नदीच्या दोन्ही काठांना निळी रेषा, तिच्या बाहेर लाल.]

पाटबंधारे खातं नदीकाठी दोन रेषा आखतं. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीकाठ ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र. तिथे बाग, मैदान, वाहनतळ, ओट्यांची उघडी मंडई, स्मशानभूमी असे वापर चालतात, नवी इमारत चालत नाही. निळी ते लाल हे नियंत्रित क्षेत्र. तिथे बांधता येतं, पण जोत्याची पातळी लाल रेषेच्या पाण्यापेक्षा किमान ०.४५ मीटर वर हवी.

"२५ वर्षांतून एकदा" हे शब्द फसवे आहेत. आज पूर आला म्हणजे पुढची २४ वर्षं निवांत, असा अर्थ लोक काढतात. खरा हिशेब असा: असा पूर कुठल्याही एका वर्षी येण्याची शक्यता ४ टक्के. घराचं कर्ज २० वर्षांचं असेल, तर हप्ते फिटेपर्यंत निळ्या रेषेपर्यंत पाणी एकदा तरी येण्याची शक्यता ५६ टक्के. लाल रेषेसाठी तीच शक्यता १८ टक्के. शिवाय ही आकडेमोड जुन्या पावसाच्या नोंदींवर उभी असते. २००५, २०१९, २०२१ असे तीन मोठे पूर १७ वर्षांच्या आत पाहिलेल्या शहराला हे वेगळं सांगायला नको.

[दृश्य: जयंती नाला, सुतारवाडा. पाणी नाल्यातून उलटं चढतंय.]

पाणी शहरात शिरतं ते काठ ओलांडूनच, असं नाही. नदी फुगली की जयंती नाल्याचं पाणी तिच्यात उतरायचं थांबतं आणि नाला मागे भरत जातो. म्हणून सुतारवाड्यातल्या कुटुंबांना दरवेळी सगळ्यांत आधी बाहेर पडावं लागतं. खाली संगमावर, नृसिंहवाडीला कृष्णा चढलेली असेल, तर पंचगंगेचंही तसंच होतं: पुढे जागा नाही, मग फुगवटा मागे सरकत येतो. त्यामुळे नदीकाठापासून लांब, पण नाल्याला लागून असलेला प्लॉट "सुरक्षित" म्हणून विकला जात असेल, तर आधी नाल्याची पातळी बघावी.

आता भरावाकडे या. खरी गोम इथेच आहे.

[दृश्य: शेतात डंपर रिकामा होतोय. आकृती: एक एकर, एक मीटर भराव.]

एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. त्यावर एक मीटर मुरूम टाकला, की पुराच्या वेळी तिथे मावणारं सुमारे ४० लाख लिटर पाणी दुसरीकडे जागा शोधतं. कोणाकडे? ज्यानं भराव टाकला नाही त्याच्याकडे. नियमाप्रमाणे जोतं उंच केलेलं असतं, कागद चोख असतो, आणि शेजारची जुनी बैठी घरं आधीपेक्षा जास्त बुडतात. त्याच उंचीची इमारत खांबांवर उभी केली आणि खालचा मजला मोकळा ठेवला, तर पाण्याची जागा बरीचशी शाबूत राहते. नियम उंची सांगतो. ती मातीनं गाठायची की खांबांनी, यावर मात्र फारसं कुणी भांडत नाही. आणि जोतं कोरडं राहिलं तरी पोहोचरस्ता पाच फूट पाण्यात असेल, तर वरच्या मजल्यावरच्या आजारी माणसाला नावेशिवाय हलवता येत नाही. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ २०१९ आणि २०२१च्या पुरांत काही दिवस बंद होता. तिथल्या मातीच्या भरावाऐवजी रस्ता खांबांवर घ्या, ही मागणी त्यातूनच आली.

[दृश्य: विकास आराखड्याचं पत्रक. बोट एका गट क्रमांकावर.]

हे सगळं कागदावर ठरतं ते विकास आराखड्यात. १९६६च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाप्रमाणे प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला, की कलम २६ खाली हरकती-सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. पहिला आठवडा नकाशा मिळवण्यातच जातो.

सातबारा किंवा मिळकत पत्रिका सोबत घ्या. गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबरावरून नकाशाचं पत्रक शोधा. पूररेषेजवळ जागोजागी तलांक, म्हणजे त्या जागेच्या उंचीचे आकडे, लिहिलेले असतात. ते समुद्रसपाटीपासूनचे मीटर आहेत. राजाराम बंधाऱ्यावरचे फूट हे त्या मोजपट्टीच्या शून्यापासूनचे. या दोन आकड्यांची सरमिसळ केलेली हरकत पहिल्याच फटक्यात बाद होते. शिवाय पुराच्या पाण्याचा पृष्ठभाग सपाट नसतो, वरच्या अंगाला तो चढा असतो. म्हणून बंधाऱ्यावरचा आकडा वरच्या अंगाच्या बालिंगा गावाला लावायचा नाही. आपल्या प्लॉटचा तलांक मोजणीदाराकडून काढून घ्यावा.

पुरावा मात्र पूर ओसरताच गोळा करायचा असतो. बाहेरच्या भिंतीवरची खूण लाटांनी नि नावांच्या हेलकाव्यानं वर सरकलेली असू शकते. खोलीच्या आत, पाणी संथ उभं होतं तिथल्या भिंतीवरची गाळाची रेघ जास्त भरवशाची. रंग देण्याआधी तिथे खिळा ठोका, जोत्यापासूनची उंची टेपनं मोजा, टेप दिसेल असा तारखेचा फोटो काढा. पंचनाम्याची प्रत जपून ठेवा.

हरकत एका पानात बसवावी: पत्रक क्रमांक, गट नंबर, आराखड्यात काय दाखवलंय, जागेवर काय आहे, नेमका काय बदल हवा. "पूरग्रस्तांवर अन्याय" एवढंच लिहिलं, तर हरकती ऐकणाऱ्या समितीला करण्यासारखं काही उरत नाही. "या नाल्याची रुंदी पत्रकात कमी दाखवली आहे, जागेवरची इतकी आहे" असं लिहिलं, तर उत्तर द्यावं लागतं. एकाच छापील मसुद्यावर शेकडो सह्या घेतल्या, तर सुनावणीत तो बहुधा एकच मुद्दा धरला जातो. दहा घरांनी आपापल्या भिंतीवरची उंची दिली, तर ती दहा मोजमापं होतात. स्वतःच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

[दृश्य: सुनावणीचं सभागृह, बाहेर बाकांवर लोक.]

सुनावणी नियोजन समितीपुढे होते: महापालिकेच्या स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ. बोलायला मिनिटं मोजकीच मिळतात. हरकतींच्या ढिगात बहुतेक अर्ज आपल्या जमिनीवरचं आरक्षण उठवा, असेच असतात. नाला किंवा पाण्याची मोकळी जागा कुणाच्या सातबाऱ्यावर नसते, त्यामुळे तिच्या बाजूनं अर्जच येत नाही. तालीम मंडळं, सोसायट्या, पुरानं दोनदा दुकान गेलेले व्यापारी यांनी हे काम अंगावर घेतलं, तरच तो मुद्दा समितीच्या टेबलावर येतो.

शासनानं आराखडा मंजूर केला म्हणजे विषय संपला, असंही नाही. मोठे बदल असलेला भाग वगळून त्यावर पुन्हा हरकती मागवल्या जातात. त्यानंतरही कलम ३७ खाली एखाद्या गटापुरता झोन बदलता येतो. त्याची सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानात, बारीक अक्षरात येते, आणि तिथेही मुदत एकच महिना असते.