ह्यांनी मला सोडलं!

नमस्कार मंडळी. आत्ताच पुरणपोळ्या झाल्यात, तेव्हा लांबण लावत नाही.

इंग्लंडात मी नवी होते तेव्हाची गोष्ट. डॉक्टरांकडे गेले. काउंटरवरच्या बाईंनी सहज विचारलं, एकट्याच आलात का? मी म्हटलं, ‘माय हजबंड हॅज लेफ्ट मी.’ ह्यांनी मला दारात सोडलं आणि ते गाडी लावायला गेले, एवढंच सांगायचं होतं. बाईंनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला, पाणी आणून दिलं. पाच मिनिटांनी हे किल्ली फिरवत आत आले. त्यांच्याकडे बाईंनी ज्या नजरेने पाहिलं, ती ते अजून विसरले नाहीत.

घोळ आपल्या ‘सोडणे’चा. आपण मुलांना शाळेत सोडतो, नोकरी सोडतो, सिगरेट सोडतो, नळाला पाणी सोडतो आणि एखादा बायकोलाही सोडतो. इंग्रजीत मुलांना ‘ड्रॉप’ करायचं, सिगरेट ‘क्विट’ करायची, तान्ह्या बाळाला टाकून गेलं तर ‘अबॅन्डन’, सैन्यातून पळालं तर ‘डेझर्ट’. उपास मात्र ते सोडत नाहीत, मोडतात! आमच्या सासूबाईंनी हे ऐकलं असतं तर...

‘लीव्ह’ला ‘फॉर’ जोडलं की दिशाच उलटते. ‘लीव्हिंग पुणे’ म्हणजे पुण्याहून निघालो, ‘लीव्हिंग फॉर पुणे’ म्हणजे पुण्याला निघालो. विमानतळावर घ्यायला जाणाऱ्यांनी नीट वाचावं.

‘डिपार्ट’ गाडीला शोभतं. माणसाला जपून लावा. ‘द डिपार्टेड’ म्हणजे कैलासवासी. मुळात त्याचा अर्थ वेगळं करणं. इथल्या चर्चच्या १५४९ सालच्या प्रार्थनापुस्तकात लग्नाची शपथ ‘टिल डेथ अस डिपार्ट’ अशी होती. तो अर्थ मागे पडल्यावर १६६२ मध्ये ‘डू पार्ट’ आलं.

माझा लाडका शब्द मात्र ‘क्विट’. ‘क्विट इंडिया’ हे शब्द समाजवादी नेते युसुफ मेहेरअलींनी सुचवलेले. ८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गवालिया टँक मैदानावर ते दुमदुमले. आपण त्याचं केलं ‘चले जाव’. त्यात दरडावणी आहे, पण एक छटा निसटली. भाडेकरूला जागा खाली करायला सांगणाऱ्या कागदाला इंग्रज ‘नोटीस टु क्विट’ म्हणतात. मेहेरअलींच्या मनात ते होतं की नाही, देव जाणे. पण लंडनमध्ये ज्याने ज्याने घर भाड्याने घेतलं होतं, त्याला ती नोटीस बरोबर ऐकू गेली असणार, असं मला आपलं वाटतं.