तारापूरचे इंधन आणि कल्पाक्कमचा सोडियम

कोकणच्या उत्तर टोकाला, पालघर जिल्ह्यातील तारापूरच्या किनाऱ्यावर १९६९ पासून अणुवीज तयार होत आहे. येथील अणुभट्ट्या पाण्याने थंड ठेवल्या जातात. परंतु याच परिसरात, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या इंधननिर्मिती प्रकल्पात, युरेनियम आणि प्लुटोनियमचे जे मिश्र इंधन घडवले गेले, ते तमिळनाडूतील कल्पाक्कमच्या ५०० मेगावॉटच्या द्रुतप्रजनक अणुभट्टीसाठी, म्हणजे वेगवान न्यूट्रॉनांवर चालून वापरते त्याहून अधिक इंधन निर्माण करू शकणाऱ्या भट्टीसाठी, होते. आणि तिथे उष्णता वाहून नेतो तो वितळलेला सोडियम.

पाण्यातील हायड्रोजन न्यूट्रॉनांचा वेग कमी करतो, आणि या भट्टीला तर वेगवान न्यूट्रॉनच हवे असतात. सोडियम ९८ अंश सेल्सिअसला वितळतो आणि ८८३ अंशांना उकळतो, त्यामुळे साडेपाचशे अंशांच्या आसपासही त्याला दाबाखाली ठेवावे लागत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात जैतापूरला प्रस्तावित असलेल्या भट्ट्यांच्या प्रकारात मात्र पाणी उकळू नये म्हणून वातावरणाच्या सुमारे दीडशेपट दाब राखावा लागतो. हा फरक सुरक्षिततेच्या दृष्टीने फार मोलाचा आहे, कारण दाबाखालचे पाणी नळी फुटताच वाफ होऊन निसटते.

सोडियमचा धोका वेगळा आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत रॉकेलात ठेवलेला त्याचा तुकडा सुरीने कापला, तर आतील रुपेरी चकाकी कोकणच्या दमट हवेत पाहता पाहता काळवंडते. भट्टीतला तप्त सोडियम हवेत आला तर पेटतो, पाण्याला भिडला तर हायड्रोजन निर्माण होतो. म्हणून त्याच्या पृष्ठभागावर आरगॉन वायूचे आवरण ठेवतात, आणि भट्टीतला किरणोत्सारी सोडियम व वाफ तयार करणारे पाणी यांच्यामध्ये सोडियमचेच आणखी एक स्वतंत्र अभिसरण असते.

जपानमधील मोन्जू या सोडियमने थंड होणाऱ्या द्रुतप्रजनक अणुभट्टीत ८ डिसेंबर १९९५ रोजी याच मधल्या अभिसरणातून सुमारे ६४० किलो सोडियम गळला आणि आग लागली. तापमान मोजण्यासाठी प्रवाहात बसवलेली नळी प्रवाहामुळे सतत कंप पावून तुटली होती. किरणोत्सार बाहेर पडला नाही. पण घटनेच्या चित्रफितीचा काही भाग दडवल्याचे उघड झाले आणि लोकांचा विश्वास उडाला. ही हानी आम्हाला आगीइतकीच गंभीर वाटते.

भट्टी बंद केल्यावरही इंधनातून उष्णता निघतच राहते. कल्पाक्कमच्या रचनेत ती काढण्यासाठी पंपांवर विसंबून न राहता तापलेला सोडियम वर चढतो आणि थंड झालेला खाली उतरतो, या नैसर्गिक अभिसरणाने ती उष्णता हवेत सोडण्याची सोय आहे. अवघड काम उरते ते तपासणीचे: सोडियम अपारदर्शक असल्याने त्यात बुडालेले भाग डोळ्यांना दिसत नाहीत, आणि त्यांचा वेध श्राव्यातीत ध्वनिलहरींनी घ्यावा लागतो.