‘द पोटॅटो ईटर्स’मधला उजेड

पडद्यावर आहे ते व्हिन्सेंट व्हॅन गॉगचं ‘द पोटॅटो ईटर्स’. एप्रिल-मे १८८५, नेदरलँड्सच्या दक्षिणेतलं न्यूनेन गाव. कॅनव्हास ८२ बाय ११४ सेंटिमीटरचा, सध्या अॅमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग म्युझियममध्ये. टेबलाभोवती शेतकरी घरातली पाच माणसं, वर टांगलेला एकच दिवा, मधे वाफाळते बटाटे. या घरातल्या गरिबीवर पुष्कळ बोललं जातं. मला रंगावर बोलायचंय, कारण हा काळोख रंगातून आलाय.

बायकांच्या टोप्या पाहा. पांढऱ्या वाटतात ना? आता करड्या पुठ्ठ्याला बोटाएवढं भोक पाडा आणि त्यातून छापील प्रतीतला तेवढाच तुकडा बघा. चक्क मळकट राखाडी दिसेल! इथला पांढरा कसा केला ते व्हिन्सेंटने भाऊ थिओला पत्रातून कळवलंय: पांढरा रंग जेमतेम, बाकी व्हर्मिलियन, पॅरिस ब्लू आणि नेपल्स यलो यांचं मिश्रण. लाल, निळा, पिवळा एकत्र आले की एकमेकांना मारतात आणि गडद राखाडी तयार होतो. शेजारचा रंग त्याहून गडद असला की डोळा त्यालाच पांढरा मानतो. नळीतला पांढरा तसाच लावला असता, तर टोप्या दिव्यापेक्षाही उजळ झाल्या असत्या आणि खोलीतला काळोख तिथेच फुटला असता.

चेहऱ्यांचं नेमकं तेच झालं होतं. आधी ते यलो ऑकर, रेड ऑकर (पिवळा आणि लाल मातकट रंग) आणि पांढरा घेऊन रंगवले. फार उजळ झाले. मग सगळे चेहरे त्याने पुन्हा रंगवले, न सोललेल्या, माती लागलेल्या बटाट्याच्या रंगात. जमत आलेल्या चेहऱ्यांवर असा हात फिरवायला मोठी छाती लागते.

रचनेत उणिवा आहेत, आणि त्या झाकायचं कारण नाही. हिवाळाभर त्याने एकेका चेहऱ्याची सुटी सरावचित्रं केली होती, आणि मोठं चित्र बरंचसं आठवणीतून रंगवलं. म्हणून माणसं एका टेबलाशी बसलीत, पण नजरा भिडत नाहीत. मित्र आंटोन फान रापार्डने हात आणि कॉफीच्या किटलीवर कडक टीका केली, पण त्याच्यासमोर फक्त लिथोग्राफ, म्हणजे दगडावर चित्र काढून कागदावर घेतलेला छाप, होता. तो आधीच्या आवृत्तीवरून केलेला, थेट दगडावर काढल्यामुळे डावं-उजवं उलटं झालेला, आणि त्यात रंग नाहीच.

चौकट सोनेरीच हवी, किंवा भिंत पिकल्या धान्याच्या रंगाची, असंही त्याने थिओला बजावलं होतं. त्याचं कारण चित्राबाहेर आहे. खऱ्या झोपडीत बघणाऱ्याच्या बाजूला चूल असते, तिची धग पांढऱ्या भिंतींवर पडलेली असते आणि त्यामुळे टेबल मागे सरकतं. चित्रात चूल नाही, तिचं काम सोन्याने करायचं. मंद, गडद भिंतीवर हेच चित्र डागाळल्यासारखं दिसतं, हेही त्याने लिहून ठेवलंय.