पत्र्याखालची दुपार आणि माळवदातली दुपार

नमस्कार श्रोतेहो. वैशाखाचं ऊन आहे आणि रानातल्या घरापर्यंत विजेचा खांब पोचलेला नाही. अशा घरात दुपार कशी काढायची, हे आज बोलूया. एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे : घर दिवसा बंद, रात्री उघडं.

माझी आत्या आटपाडी तालुक्यात, दिघंचीच्या पलीकडं माळावर राहायची. जुनं माळवदाचं घर, मातीच्या हातभर जाड भिंती, वर सपाट छपरावर पांढऱ्या मातीचा थर. शेजारी थोरल्या दादानं पत्र्याची नवी खोली बांधलेली. एका वैशाखात ताईला बघायला विट्याकडचे पाहुणे आले. दादानं हौसेनं त्यांना नव्या खोलीत बसवलं. पोहे यायच्या आत सगळ्यांचे सदरे अंगाला चिकटले. मुलाचे मामा उपरण्यानं वारा घेऊन घेऊन दमले.

आत्या दारात आली. म्हणाली, "पावणं, हिकडं या. पत्र्याखाली माणूस भाजतंय."

माळवदात अंधार, सारवलेली जमीन गार. छपराचं साणं, म्हणजे उजेड-वाऱ्यासाठी ठेवलेलं भोक, फरशीनं झाकलेलं. पश्चिमेच्या खिडकीला ओलं गोणपाट, समोरचं दार वारा निघून जाण्यापुरतं किलकिलं. मामा "जरा पाठ टेकतो" म्हणाले ते थेट घोरायलाच लागले! ताई समोर येऊन गेली, मुलाशी दोन शब्द बोलली, तरी त्यांना पत्ता नाही. उन्हं कलल्यावर उठले. मुलीचं विचारायचं सोडून पहिलं हेच विचारलं, "आक्का, ह्या घरात केलंय काय?"

"काय न्हाई. पाटंला साणं झाकायचं, दिवस बुडाला की उघडायचं."

त्याच संध्याकाळी सोयरीक जमली.

आत्यानं केलं ते एवढंच : दिवसा बंद, रात्री उघडं. जाड भिंतीतून ऊन आत झिरपायला बराच वेळ लागतो, तोवर रात्र होते आणि उघड्या साण्यातून ऊब वर निघून जाते. गोणपाटाचं म्हणाल, तर एक लिटर पाणी सुकताना जवळपास 0.67 युनिट विजेइतकी उष्णता हवेतून ओढून घेतं. पण हे कोरड्या हवेतच. मृगाचा दमटपणा आला की गोणपाट काढा, खिडक्या उघडा.

पत्र्याचं घर असेल तर पत्र्यावर चुना मारा आणि खाली बांबूवर कडब्याचा किंवा पाचटाचा थर द्या. चूल मात्र बाहेर, ठिणगीपासून लांब. आणि पश्चिमेला झाड हवंच. अंगणातला कडुनिंब तोडून तिथं पेव्हर ब्लॉक घालणाऱ्यांचं मला मनापासून वाईट वाटतं. दारापुढची ती सावली बापजाद्यांनी पाणी घालून वाढवलेली असते. पाहुण्याला ताकाऐवजी बाटलीतलं रंगीत पाणी देणंही मला पटत नाही. असो.

घरातलं म्हातारं माणूस किंवा लेकरू उन्हानं तापलं, असंबद्ध बोलायला लागलं, तर वाट बघू नका. सावलीत घ्या, अंगावर पाणी शिंपडा, वारा घाला. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका. आणि लगेच 108 ला फोन लावा. पुन्हा सांगतो, एक शून्य आठ. रानातल्या घराचा पत्ता सांगताना जवळचा ओढा, देऊळ, शाळा सांगा आणि एक माणूस रस्त्यावर उभा करा. नमस्कार.