मोरीतला भाडेकरू

रात्रीचे दोन वाजलेत, लालबागच्या चाळीतली ही आमची मोरी, लाइट लावला आणि हा बघा कोळी, पिंपामागे भिंतीला चिकटून बसलाय, पाय पसरले की तळहाताएवढा. लहानपणी हा दिसला की मी टमरेल तिथेच टाकून पळायचो आणि खरं सांगू, आज एवढं वाचूनसुद्धा पोटात गोळा येतोच.

याला म्हणतात हंट्समन. जाळं विणायच्या भानगडीत पडत नाही, गुपचूप बसून राहतो आणि झुरळ टप्प्यात आलं की झडप. चपटा असल्यामुळे दाराची फट, कॅलेंडरची मागची बाजू, कुठेही मावतो. मादीच्या पोटाखाली कधीकधी पांढरी गोल चकती दिसते ना, ती अंड्यांची पिशवी, पिल्लं निघेपर्यंत ती तशीच घेऊन फिरते. आमची आई म्हणते, रुपया घेऊन चाललीय बघ.

आता मेन तक्रार. पावसाळ्यात मानेवर लाल चट्टा उठला, आग आग झाली, पाणी भरलेले फोड आले की अख्खी चाळ एका सुरात सांगणार, कोळी मुतला! अहो, बऱ्याचदा हे काम असतं पेडेरस नावाच्या केशरी-काळ्या बारीक किड्याचं, तो ट्यूबलाइटकडे येतो, आपण झोपेत त्याला अंगावर चिरडतो आणि त्याच्या अंगातला रस कातडी जाळतो. चावतसुद्धा नाही तो. केस मात्र कोळ्यावर.

विष म्हणाल तर जवळजवळ सगळ्याच कोळ्यांकडे असतं, पण ते किड्यांच्या मापाचं. आणि किडे किती खातात? 2017 साली शास्त्रज्ञांनी अंदाज काढला, जगभरातले कोळी मिळून वर्षाला 40 ते 80 कोटी टन भक्ष्य फस्त करतात, त्यात बहुतेक किडेच. आपण पेस्ट कंट्रोलवाल्याला पैसे मोजतो ते वेगळेच.

हा दुसरा, खिडकीत टुणटुण उड्या मारणारा. जवळ कॅमेरा नेला तर पळायच्या ऐवजी वळून आपल्याकडेच बघतो, पुढचे दोन डोळे मण्यांसारखे मोठे. याच्या जातभाईंपैकी एक ठाणे-कल्याण पट्ट्यात नव्याने सापडला आणि 2021 साली त्याचं नाव ठेवलं आयशियस तुकारामी, आपल्या तुकाराम ओंबळेंवरून. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ ज्यांनी कसाबची बंदूक घट्ट धरून ठेवली आणि गोळ्या स्वतःवर घेतल्या, तेच ओंबळे. हे आईला सांगितलं तर ती बराच वेळ काही बोललीच नाही.

दिवाळीआधी तिने बांबूला झाडू बांधून माळ्यावरची जळमटं काढलीच, ते काही सुटलं नाही. पिंपामागे मात्र झाडू गेला नाही.