पिंगच्या पोटातून जाणारा डेटा

नमस्कार मंडळी! आज बघूया आयसीएमपी टनेल, म्हणजे पिंगच्या पॅकेटमध्ये लपवून दुसराच डेटा नेणं. पिंग म्हणजे समोरचं मशीन जागं आहे का, हे विचारणारी हाक. स्क्रीनवर बघा, लिनक्सवर पिंग चालू आहे. प्रत्येक उत्तरात ‘६४ बाइट्स’ दिसतंय ना? त्यातले ८ बाइट्स आयसीएमपीचं, म्हणजे नेटवर्कचे निरोप नेणाऱ्या प्रोटोकॉलचं, हेडर. मग उरलेले ५६? सुरुवातीला पाठवल्याच्या वेळेची नोंद, बाकी निव्वळ भर. विंडोजचं पिंग तर त्या जागी ३२ बाइट्सची एबीसीडी पाठवतं.

१९८१ सालच्या आरएफसी ७९२ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजामध्ये नियम आहे: इको रिक्वेस्टमध्ये (पिंगच्या हाकेत) आलेला डेटा इको रिप्लायमध्ये (तिच्या उत्तरात) जसाच्या तसा परत करायचा. पण तो डेटा कसला असावा, यावर बंधन नाही. सगळी मेख इथेच आहे. १९९६ मध्ये हॅकर्सच्या ‘फ्रॅक’ मासिकात आलेल्या ‘लोकी’ प्रकल्पाने हीच फट जगाला दाखवली.

आता समजा, फायरवॉलने (नेटवर्कच्या दारावरच्या पहारेकऱ्याने) टीसीपी, म्हणजे वेबसाइट्सची नेहमीची वाहतूक, अडवलंय, पण पिंग सुटतंय. आपल्या मशीनवरचा प्रोग्रॅम टीसीपीचा डेटा तुकड्यातुकड्याने इको रिक्वेस्टमध्ये भरतो आणि बाहेरच्या आपल्या सर्व्हरकडे धाडतो. सर्व्हर तो उघडून खऱ्या वेबसाइटशी बोलतो आणि आलेलं उत्तर इको रिप्लायमध्ये भरून परत पाठवतो. फायरवॉलच्या नजरेत हे साधं पिंगच!

ऐकायला सोपं, पण खरं कसब पुढे आहे. सर्व्हरचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) स्वतःच रिप्लाय देऊन मोकळा होतो, म्हणून त्याला आधी गप्प करावं लागतं. बरेच फायरवॉल रिक्वेस्टशिवाय आलेला रिप्लाय आत घेत नाहीत. त्यामुळे पाठवायला काही नसलं तरी क्लायंटला रिकाम्या रिक्वेस्ट सोडत राहावं लागतं. हरवलेलं पॅकेट पिंग पुन्हा पाठवत नाही, तेव्हा क्रमांक, पोच, फेरपाठवणी हे सगळं टनेलनेच सांभाळायचं. शिवाय एन्क्रिप्शन नाही. आतून एसएसएच (एन्क्रिप्ट केलेली जोडणी) चालवलं नाही, तर मधला कुणीही वाचू शकतो.

हे प्रयोग फक्त स्वतःच्या किंवा लेखी परवानगी असलेल्या नेटवर्कवरच करा, ही माझी कळकळीची विनंती.

नेटवर्क सांभाळणाऱ्यांनो, घाबरून अख्खं आयसीएमपी बंद करू नका. ‘पॅकेट मोठं आहे, लहान करून पाठव’ हा निरोपही त्यातूनच येतो. तो अडला की काही साइट्स अर्ध्यात लटकतात. त्यापेक्षा वायरशार्क (पॅकेट्स उघडून दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा आणि रिक्वेस्ट-रिप्लायची जोडी शेजारी ठेवा. साध्या पिंगमध्ये दोन्हींचा डेटा तंतोतंत जुळतो. टनेलमध्ये तो जुळत नाही, आकार सतत बदलतो आणि एकाच पत्त्याकडे पिंगची रीघ लागलेली असते.